फोनवर बोलावतात, कागद देत नाहीत

“मॅडम, त्यांनी बोलावलं की जावंच लागतं ना?”

खुर्चीत नीट बसायच्या आतच त्याने हे विचारलं. हातात बायकोचा जुना फोन होता, त्याचा स्वतःचा पोलिसांनी ठेवून घेतलेला. फोन टेबलावर पालथा ठेवायचा, लगेच उचलून बघायचा, पुन्हा पालथा. त्या फोनमध्ये पोलीस ठाण्यातला एक नंबर नुसत्या ‘साहेब’ या नावाने सेव्ह केलेला होता.

ही हकिकत त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदलून.

तो व्हिडिओ एडिटर. लग्नाच्या फिल्म, छोट्या जाहिराती अशी कामं करायचा. मग एका ॲपसाठी ‘बोल्ड’ वेब सिरीजचं काम आलं. पहिल्या दोन भागांत फार काही नव्हतं. तिसऱ्यापासून उघड लैंगिक दृश्यं यायला लागली. पैसे वेळेवर मिळत होते, तो कापत राहिला. पुढे निर्मात्यावर धाड पडली, त्याच्या फोनमध्ये याला केलेली पेमेंट सापडली आणि याला बोलावणं आलं.

त्यानंतर तीन आठवड्यांत तो अकरा वेळा ठाण्यात गेला होता. सकाळी बाकावर बसवायचे, संध्याकाळी ‘उद्या या’ म्हणून सोडायचे. बहुतेक दिवशी कुणी एक प्रश्नही विचारला नाही. फोन घेतला, पासवर्ड घेतला, पण पंचनाम्याची प्रत नाही की पावती नाही. एका कोऱ्या कागदावर सहीही घेतलेली. एक हवालदार रोज बाहेर चहाच्या निमित्ताने गाठून सांगायचा की थोडं बघितलंत तर नाव काढून टाकू, नाहीतर बायकोला बोलावून सगळं दाखवू.

अशी भीती घेऊन येणाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. मी गुन्हा केलाय का, हा एक. आणि हे लोक माझ्याशी काहीही करू शकतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल या धास्तीने माणूस दुसऱ्याचंही ‘हो’ धरून चालतो. मला आधी ही गाठ सोडवावी लागते.

मी वकील नाही, हे मी त्याला सांगितलं. पण खोटा धीर द्यायचा नव्हता, म्हणून पहिल्या प्रश्नाचं जेवढं मला कळतं तेवढं सरळ सांगितलं. आपल्याकडे असा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद, १० लाखांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. काम करणारे सज्ञान होते, राजीखुशीने करत होते, हा बचाव त्या कलमात नाही. भारतीय न्याय संहितेचं अश्लीलतेचं कलम २९४ आहेच. ‘मी फक्त एडिट केलं’ एवढ्याने सुटका होईल असं समजू नका, कुणाचा सहभाग किती हे शेवटी कोर्ट ठरवेल. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. पण धोका खरा असताना ‘काही होत नाही हो’ म्हणून घरी पाठवणं मला कधीच जमलेलं नाही.

(कायद्याचा विषय निघाला की पुष्कळजण खाली मान घालून वेगळंच विचारतात: नुसतं पाहिलं तर? सज्ञान माणसांचा असा व्हिडिओ एकट्याने, खाजगीत पाहणं हा अश्लीलतेच्या कलमाखाली गुन्हा नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. मुलांचं चित्रण असेल तर मात्र पाहणं, जवळ ठेवणं, सगळंच गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ते स्पष्ट केलं आणि तिथे कुणाला जराही सूट असू नये असंच माझं मत आहे.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम ‘नाही’ असं होतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. अटकेची गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली नोटीस द्यायची. माणूस त्याप्रमाणे हजर राहत असेल तर कारणं लिहून ठेवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तरी आदेश लेखी हवा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, जप्त वस्तूंची यादी करायची असते. पोलिसांसमोरच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, मग कोऱ्या कागदाचा प्रश्नच कुठे येतो? अटक झालीच तर चौकशीच्या दरम्यान आपल्या वकिलाला भेटता येतं. आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं.

“तुम्ही एकदा तरी नोटीस मागितलीत का?” मी विचारलं.

“कुठल्या तोंडाने मागू, मॅडम?”

माझ्या मते या प्रकरणातली खरी अडचण या एका वाक्यात होती. चेक बाउन्सच्या भानगडीत अडकलेला माणूस भावाला घेऊन, वकिलाला घेऊन, चारचौघांत तावातावाने बोलत ठाण्यात जातो. ‘ब्लू फिल्म’ हा शब्द चिकटलेला माणूस एकटा जातो, घरी मीटिंग आहे म्हणून सांगतो आणि समोरचा म्हणेल ते करतो. आपली लाज आणि आपला कायदेशीर हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला दिसेनासं होतं. हवालदाराला ते नेमकं कळलेलं असतं. तो कायद्याची भीती दाखवतच नव्हता, तो बायकोची भीती दाखवत होता.

म्हणून आधी बायको. याबाबत मी हट्टीपणा केला, हे मान्य करते. त्याला वाटत होतं, प्रकरण मिटल्यावर सांगू. मी म्हटलं, मिटेपर्यंत तुमच्या गळ्यातली दोरी त्या माणसाच्या हातात राहील. दुसऱ्या भेटीला तो सांगून आला होता. ती दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने एवढंच विचारलं, “अकरा वेळा एकटाच गेलास?”

मग आम्ही एक वाक्य घोटलं. “साहेब, मी सहकार्य करतो, मला लेखी नोटीस द्या.” मी साहेब झाले, तो तो. पहिल्यांदा ‘साहेब’ म्हणतानाच आवाज फुटला. दुसऱ्यांदा नोटीसऐवजी माफी मागून मोकळा झाला. पाचव्या खेपेला वाक्य पुरं झालं, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. बारीक गोष्ट वाटेल, पण अधिकाराच्या खुर्चीसमोर तोंडातून शब्द निघणं हा सवयीचा भाग आहे. एक वहीही केली: तारीख, वेळ, कुणाचा फोन, काय शब्द, किती वेळ बसवलं. ती वही घेऊन तो मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेला. १५१०० या हेल्पलाइनवरून त्याला तिथला रस्ता कळला होता. वकिलांनी एफआयआर मिळवून पाहिली, तर त्यात त्याचं नाव नव्हतंच, नुसतं ‘व इतर’ होतं. जे नाव काढायचे पैसे मागत होते, ते लिहिलेलंच नव्हतं! नंतर कधीही येऊ शकतं म्हणून अटकपूर्व जामिनाचा अर्ज झाला, वहीतल्या तारखांसह वरिष्ठांकडे लेखी तक्रार गेली, आणि पुढच्या वेळी पहिल्यांदाच नोटीस हातात पडली. हवालदार पुन्हा चहाला आला नाही.

इथे मी केस बंद केली असती. पण झोप परत आली नव्हती.

चौथ्या भेटीत त्याने विचारलं, “घरी एक हार्ड डिस्क आहे. पुसून टाकू का?” मी लगेच नाही म्हटलं. पुरावा नाहीसा करणं हा आणखी एक गुन्हा आहे, हात लावू नका, आधी वकिलांना सांगा. आणि मग विचारलं, काय आहे तिच्यात?

तो बराच वेळ गप्प होता. तिच्यात कच्चं फुटेज होतं. एका भागात सीन सुरू व्हायच्या आधीच कॅमेरा चालू राहिला होता. एक मुलगी म्हणते, हे मला सांगितलं नव्हतं. मागून कुणीतरी कागद पुढे करतं, सही केलीयेस, आता शूटिंगचा सगळा खर्च भर आणि जा. ती कागद वाचते. पानाच्या दोन्ही बाजू बघते. मग कॅमेऱ्याकडे पाहून म्हणते, “थांबवा ना.”

“मी तेवढं कापलं,” तो म्हणाला. “सव्वा मिनिट होतं. कट एकदम स्मूथ बसला.”

पोलिसांच्या भीतीखाली इतके दिवस हे दबून होतं. बाहेरचा छळ सोसणं त्याला एका परीने बरं वाटत असावं, शिक्षा भोगतोय असं वाटायचं. मी त्याला ‘तुमचा काय दोष’ असं म्हटलं नाही. दोष होता. पण बाकावर दिवस काढून त्या मुलीचं काही भलं होणार नव्हतं, ते सव्वा मिनिट मात्र तिच्या उपयोगाचं होतं. संमती नसताना चित्रीकरण झालं असेल तर तिच्या बाजूने कायदा वेगळा उभा राहतो, आणि बाई म्हणून तिला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटही नाही.

निर्णय त्याने घेतला. वकिलांनी यात त्याला स्वतःला काय धोका आहे तो समजावून दिला, तरी. डिस्क पंचनामा करून, चित्रीकरणासह जमा झाली, या वेळी प्रत मिळाली. मॅजिस्ट्रेटसमोर जबाबही झाला.

केस अजून चालू आहे. नोटिसा तो एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावतो आणि बायको सोबत असते. त्या मुलीपर्यंत तपास पोहोचला की नाही, हे तो दर वेळी वकिलांना विचारतो. तिचं नाव त्याला माहीत नाही. त्याच्याकडे आलेल्या फाइलींना नुसते आकडे असायचे, आणि तिचा आकडा त्याला पाठ आहे.