बीम स्केल शून्यावर येतो, तरी वजन दर वेळी वेगळं का दाखवतो?

तुम्ही लिहिलंय की रीलोडिंगचा (वापरलेल्या काडतुसांत पुन्हा पावडर आणि गोळी भरतानाचा) दांडीचा तराजू, म्हणजे बीम स्केल, रिकामा असताना अचूक शून्य दाखवतो, पण तेच भरलेलं पारडं उचलून परत ठेवलं की ०.३ ग्रेनपर्यंत (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) फरक पडतो. मग शून्याचा स्क्रू फिरवायचा का?

नका फिरवू. काटा दर वेळी एकाच बाजूला तेवढाच सरकत असता, तर स्क्रूचा उपयोग होता. तुमचा काटा कधी इकडे, कधी तिकडे थांबतोय. म्हणजे दांडी कुठेतरी अडकतेय. आणि कारण सापडेपर्यंत या तराजूवर मोजलेली पावडर एकाही केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या कवचात, भरू नका. पिस्तुलाच्या पाच ग्रेनच्या चार्जमध्ये (एका काडतुसातल्या पावडरीत) ०.३ म्हणजे ६ टक्के, ही चूक लहान नाही.

मी ओहायोत राहतो. पहिल्या हिवाळ्यात मीही रोज सकाळी तो स्क्रू फिरवत होतो. शेवटी दांडी उचलून टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर अकीकाच्या (कठीण, गुळगुळीत दगडाच्या) खाचेत पावडरची एक चपटी कणी बसलेली. दांडीच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी धारा याच दोन अकीकांवर टेकतात, सगळा तराजू तिथे तोललेला असतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अकीक आणि धारा पुसा, पूर्ण सुकू द्या. तेल अजिबात घालू नका, त्याला धूळ चिकटते. धारेला कानस किंवा पॉलिशपेपरही लावू नका.

मग दांडीच्या टोकाचा तांब्याचा पत्रा बघा. तो चुंबकांच्या मधून हलतो आणि डोलणं लवकर थांबवतो. हे ब्रेकिंग पत्रा हलत असतानाच लागतं, त्यामुळे स्थिर वजनावर त्याचा परिणाम होत नाही. पण पत्रा कडेला घासत असेल, किंवा चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल, तर काटा भलत्याच जागी थांबतो. कीस चिकटपट्टीने टिपून काढा.

वजनाची सरकती गोटी खाचेत पूर्ण बसलीय का, पारडं याच तराजूचं आहे का, हीटरचा झोत तिकडे येतोय का, हेही बघून घ्या. काटा डोळ्याच्या पातळीवर आणून वाचा.

आता परीक्षा. अमेरिकेतलं पाच सेंटचं नाणं घ्या. त्याचं ठरलेलं वजन ५ ग्रॅम, म्हणजे ७७.२ ग्रेन. नाण्यानाण्यांत फरक असतो, म्हणून त्यावर तराजू जुळवायचा नाही. तेच एक नाणं दहा वेळा ठेवा आणि दहा आकडे लिहा. त्यांच्यातला फरक ०.१ ग्रेनच्या आत हवा. मग प्रिंटरच्या साध्या कागदाचा ९ मिलिमीटरचा चौकोन कापून नाण्यावर ठेवा. त्याचं वजन सुमारे ०.१ ग्रेन, साडेसहा मिलिग्रॅम असतं. तेवढ्याने काटा स्पष्ट हलला पाहिजे.

दोन्ही जमलं की मगच शून्य करा आणि तुमच्या चार्जच्या जवळपासच्या प्रमाणित वजनाने ताडून पाहा. स्वच्छ करूनही काटा आळशीच राहिला, तर भिंगाखाली धार बघा. ती बोथट झाली असेल, तर दांडी बदलावी लागेल.