गोधडीचे प्रश्न: किती थर, कुठली सुई आणि पावसात वाळणार कशी

या वेळी गोधडीचेच प्रश्न घेतलेत, पत्रंच तेवढी आलीत. एक आधीच सांगते, यातल्या निम्म्या अडचणी गोव्याच्या हवेच्या आहेत, शिवणाच्या नाहीत. व्हिडिओत दिसतात त्या जाडजूड क्विल्ट थंडीच्या देशातल्या. आपल्याला हलकी, पटकन वाळणारी गोधडी हवी.

प्रश्न – साखळीहून: सासूबाईंच्या कॉटनच्या बऱ्याच साड्या घरात आहेत, काही नऊवारी. मुलीला बाळ होणारेय म्हणून दुपटं आणि एक मोठी गोधडी शिवायचीय. मी आजवर हूक-बटणं सोडून काहीच शिवलं नाहीये. थर किती घ्यायचे? आणि मधे घालायचं ते बॅटिंग इथे कुठे मिळेल?

उत्तर: ताई, बॅटिंग शोधत फिरूच नका. दुपट्याला वर एक, खाली एक आणि मधे एक, एवढे तीन थर पुरतात, मोठ्या गोधडीला चार, फार तर पाच. त्याच्या पुढे गेलात की सुई घुसेना होते आणि धुतल्यावर ती दोन-दोन दिवस ओलीच राहते.

साड्या आधी धुऊन घ्या म्हणजे खळ निघून जाईल, मग एकेक साडी खिडकीसमोर धरा. जिच्यातून गज स्पष्ट दिसतात आणि जरा ताणलं की कर्रकन आवाज येतो ती मधे घालायची, घट्ट विणीची असेल ती बाहेर. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटरची असते, म्हणजे 216 इंच. तिचे 90 इंचाचे दोन तुकडे शेजारी-शेजारी ठेवून लांब कडेने जोडले की डबल बेडच्या गोधडीचा एक अख्खा थर होतो, वर वारभर तुकडा उरतो तो ठिगळांना. पॉलिएस्टर मिक्स साडी मधे घालू नका, कॉटन आटतं आणि ती आटत नाही, मग पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी फुगे आल्यासारखी होते.

फरशी पुसून कोरडी करा, खालचा थर चिकटपट्टीने चारी कडांना चिकटवा, ताणायचा नाही, फक्त सपाट. त्यावर बाकीचे थर, प्रत्येक थर मधून बाहेर हात फिरवत सारखा करा. मग मधूनच सुरुवात करून वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घाला, उभे आणि आडवे दोन्ही. या कामाला पाठ दुखते आणि कंटाळा येतो हे खरंय, पण गोधडी सरळ होणार की तिरकी ते इथेच ठरतं, तेव्हा इथे घाई नको.

पक्क्या धावदोऱ्याला मशीनचा बारीक दोरा नको, तुटत राहतो. एम्ब्रॉयडरीच्या सहापदरी दोऱ्याचे दोन किंवा तीन पदर घ्या, हातभरच, जास्त लांब घेतला की गुंता. हातशिलाईच्या सुईचा नंबर वाढला की सुई लहान आणि बारीक होते, मशीनच्या सुईचं बरोबर उलटं. तुम्ही 7 किंवा 8 नंबरपासून सुरू करा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, डावा हात गोधडीखाली ठेवा, सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की वर वळवा, असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग एकदम ओढायचे. गाठ बाहेर ठेवू नका, वरच्या थरातून हलका हिसका द्या, टक्कन आत जाते. बोटभर अंतरावर ओळी घेत गेलात की छान. टाके लहान-मोठे झाले तर उसवू नका, सारखेपणा तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून आपोआप यायला लागतो.

आणि दुपट्याबद्दल एक महत्त्वाचं. बाळाला घेताना गुंडाळायला, जागं असताना खाली अंथरायला छानच. पण पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण म्हणून घालून ठेवू नका, ते तोंडावर येतं.

प्रश्न – मडगावहून: पायाच्या जुन्या मशीनवर गोधडी शिवते. वरून बरी दिसते पण उलटी केली की मागे चुण्याच चुण्या. दोऱ्याचं टेन्शन कमी-जास्त करून बघितलं, काही फरक नाही.

उत्तर: टेन्शनचा यात दोष नसावा. मशीनचे खालचे दात खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचा फूट वरचं कापड दाबून मागे धरतो, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात आणि चुणी पडते. यावर खरा उपाय वॉकिंग फूट, त्याला वरूनही दात असतात म्हणून सगळे थर बरोबर चालतात. घ्यायला जाताना तुमच्या मशीनचा आत्ताचा फूट काढून दुकानात न्या आणि तसाच बसणारा मागा, कारण फूट बसायची उंची सगळ्या मशीनची एक नसते.

तोवर काय करायचं, तर मशीनच्या डोक्यावर फूटचा दाब कमी करायचा स्क्रू असतो तो थोडा सैल करा, टाका 3 मिलिमीटरपर्यंत मोठा करा, सुई 14 किंवा 16 नंबरची आणि नवी. थर सेफ्टी पिनांनी जोडा, दर मुठीएवढ्या अंतरावर एक पिन. पहिली ओळ मधोमध, मग तिथून दोन्ही बाजूंना बाहेर. एक गोष्ट बरेच जण करत नाहीत, ती म्हणजे गोधडीचं वजन तोलणं. अर्धी गोधडी टेबलाखाली लोंबत असेल तर ती मशीनशी ओढाताणच करणार, डाव्या बाजूला स्टूल नाहीतर दुसरं टेबल लावा. आणि पायाचं मशीन काढून टाकू नका हं, दोन्ही हात मोकळे राहतात, वेग पायात असतो, गोधडीला याहून चांगलं काय पाहिजे?

प्रश्न – पणजीहून: रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचं), त्याखाली ठेवायची मॅट, मोठी पट्टी, हा सगळा खर्च करावा का?

उत्तर: साड्यांची गोधडी करणार असाल तर मुळीच नको, धारदार कात्री पुरे. पण चौकोन-त्रिकोण जोडून पॅचवर्क करणार असाल तर हो, आणि मग तिन्ही एकदम घ्या, मॅटशिवाय कटर म्हणजे टेबलाची नासाडी. 45 मिलिमीटरचं पातं, 6 बाय 24 इंचाची जाड पारदर्शक पट्टी. हे कटर 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने काढलं, त्याआधी सगळं जग पुठ्ठ्याचे साचे ठेवून कात्रीनेच कापायचं, त्यामुळे नसलं तरी अडत नाही. पैसे कमी असतील तर ते पट्टीत घाला. पॅचवर्कमध्ये शिवण पाव इंचाचीच हवी, म्हणजे नऊ चौकोनांचा 6 इंची ब्लॉक हवा असेल तर प्रत्येक चौकोन अडीच इंचाचा कापायचा, दोन नाही. मॅट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, वाकडी होते आणि परत सरळ होत नाही.

प्रश्न – पेडण्याहून: आजीची लाल चौकडीची कुणबी साडी आहे. पांढऱ्या कापडाबरोबर गोधडीत वापरायचीय, पण रंग जाईल अशी भीती वाटते. मीठ आणि व्हिनेगरने रंग पक्का होतो ना?

उत्तर: नाही होत. सगळीकडे सांगतात, पण एकदा रंगवून झालेल्या कॉटनचा रंग घरी मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून पक्का होत नाही. त्यापेक्षा साडीचा कोपरा ओला करा, त्यावर पांढरा फडका ठेवून गरम इस्त्री दाबा. फडका गुलाबी झाला तर साडी वेगळी, भरपूर पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायची. तरी रंग सोडतच राहिली तर पांढऱ्याचा नाद सोडा, चॉकलेटी किंवा गडद निळ्याबरोबर लावा.

शिवून झाल्यावर रंग लागलाच तर ती वाळू देऊ नका, इस्त्री तर नाहीच नाही. मोठ्या टबात गरम पाणी आणि डिटर्जंट घालून पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बदला, गरज पडली तर परत तेच. बरेचदा निघतो.

पण मला खरं विचाराल तर साडी धड असेल तर कापू नका. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली त्याला आता बरीच वर्षं झाली, हातमागाच्या नव्या मिळतात. आजीची मात्र नवी मिळत नाही. फाटलेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पदराचा भाग बरोबर मधोमध लावा.

प्रश्न – फोंड्याहून: पाऊस संपला की कपाटातल्या गोधड्यांना कुबट वास येतो, काहींवर काळे ठिपके.

उत्तर: पावसात शिवा, धुवू नका, एवढा नियम केलात तरी अर्धं काम होतं. पावसाळ्याआधी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, गार होऊ द्या, मग जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आतला ओलावा आतच राहतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका आणि बाळाच्या कपड्यांत तर अजिबात ठेवू नका. ठिपके आलेच तर गोधडी अंगणात नेऊन कोरडीच ब्रशने झटका, ऊन दाखवा, मग धुवा, रंगीत कापडाला ब्लीच लावू नका. वाळत घालताना एका दोरीवर दुमडून न टाकता दोन दोऱ्यांवर पसरा, मधून वारा गेला पाहिजे.

प्रश्न – वास्कोहून: नेटवर डिझाइन बघते ती सगळी अमेरिकन. आपल्याकडचं काही आहे का जे बघून करता येईल?

उत्तर: आहे, आणि अगदी शेजारी आहे. अनमोड घाट ओलांडून गेलं की हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो, त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवतात. यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं आणि तिथून निसटून ते त्या रानात गेले, म्हणजे हा आपल्याच इतिहासाचा तुकडा आहे आणि आपल्यालाच फारसा ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कवंदीत आधी ब्लॉक जोडून मग शिवणं असा प्रकार नसतो. खाली साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून तुकडे ठेवत जायचे, कडा बोटाने आत दुमडायची आणि तिथल्या तिथे धावदोरा घालत कडेकडेने पुढे सरकायचं. चारी बाजू झाल्या की आतली फेरी, मग त्याच्या आतली, असं करत मध्यावर यायचं. ठिगळ लावणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं, आणि कडा आधीच दुमडलेली म्हणून वेगळा गोट लावावा लागत नाही. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घातलेले छोटे त्रिकोण बसवतात, त्यांना फुलं म्हणतात. शिकाऊ माणसाला ही पद्धत मला सगळ्यात बरी वाटते, मोजमाप नाही, मशीन नाही, चिंधी वाया जात नाही. उशीच्या अभ्र्याएवढी करून बघा. कुणी विचारलं तर कवंदी आहे, सिद्दी बायकांची आहे, असं नाव घेऊन सांगा, आणि जमलं तर त्यांच्याकडून एक विकत घ्या.

नक्षी हवी असेल तर जुन्या घरांतल्या फरश्या बघा, चार फरश्या मिळून एक फूल होतं ते सरळ आलेखाच्या कागदावर उतरतं. बंगालमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांसाठी पांढऱ्या कापडावर पिवळ्या टसरच्या दोऱ्याने भरलेल्या मोठ्या कोल्चा, म्हणजे पलंगपोस, शिवल्या जायच्या, शिकारी, जहाजं, मासे सगळं त्यात. लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत त्या आहेत, फोटो नेटवर सापडतील, त्यातला एखादा मासा उचला आणि दुपट्याच्या कोपऱ्यात भरा.

प्रश्न – डिचोलीहून: ओळखीतल्या बायका गोधडी शिवून मागतात. किती पैसे सांगू?

उत्तर: कापड त्यांचं असलं तरी दोरा, सुया आणि तुमचे तास मोजा, वहीत रोज लिहा, अंदाजाने नको. ताशी दर आधी ठरवा आणि तोच सगळ्यांना सांगा, मैत्रिणीला वेगळा आणि शेजारणीला वेगळा असं केलंत की बोलणं होतं. अर्धे पैसे आधी घ्या. साड्या धुऊन आणायला सांगा, आणि कुठली कापायची नाही ते त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.