घरात पाच मीटरच जागा आहे, एअर रायफलचं टार्गेट कसं बनवू?

तुम्ही विचारलंय की क्लबात १० मीटरवर सराव करता, घरी हॉलमध्ये जेमतेम ५ मीटर मिळतात, तर तेच टार्गेट निम्म्या आकारात छापलं की भागेल का. काळ्या गोलापुरतं भागेल. गुणांच्या वर्तुळांसाठी नाही, कारण अंतर निम्मं झालं तरी छर्रा ४.५ मिमीचाच राहतो.

मूळ कार्डावर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा, नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं, पुढे दर वर्तुळाला ५ मिमी वाढ आणि काळा भाग ३०.५ मिमी. छर्रा ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा. म्हणजे छर्र्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीपर्यंत चुकला तरी चालतो. ५ मीटरवर ही सूट १.२५ मिमीच हवी. पण तुम्ही ठिपका कितीही बारीक काढा, २ मिमी चुकलेला छर्राही तो उडवणारच, आणि तुम्ही स्वतःला फुकटचे दहा देऊन मोकळे.

म्हणून मी उलट मोजतो. दहासाठी ७ मिमी व्यासाचं वर्तुळ, नऊला ९.५, आठला १२, असं प्रत्येकी २.५ मिमी वाढवत जायचं. छिद्राची बाहेरची कड ज्या वर्तुळाच्या आत पूर्ण मावते, तेवढे गुण. काळा गोल १५.२५ मिमीचा ठेवा, म्हणजे फोरसाइटच्या (नळीच्या पुढच्या टोकावरच्या साइटच्या) रिंगमध्ये तो १० मीटरवर दिसतो तेवढाच दिसेल. काळ्यातल्या रेषा पांढऱ्या, बाहेरच्या फिकट करड्या, सगळ्या बारीक. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तासाभराचं काम आहे. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करा आणि पहिली प्रत व्हर्नियरने मोजा; प्रिंटर गुपचूप चार-पाच टक्के आकसवतो आणि नुसत्या नजरेला ते कळत नाही.

(स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं ब्राँझ ५० मीटर थ्री पोझिशनमधलं. त्या टार्गेटची मापं निराळी, ती नेटवरून उचलू नका.)

झेरॉक्सच्या साध्या कागदावर छिद्र फाटकं येतं आणि गुणांवरून आपलंच आपल्याशी भांडण होतं. २०० जीएसएमच्या आसपासचा, चकाकी नसलेला कार्डपेपर आणि चपट्या तोंडाचे छर्रे वापरा. कडा पंचिंग मशीनने पाडल्यासारख्या येतात. कागदाला मागून आधार हवा. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांइतकं चांगलं काही मला सापडलेलं नाही.

आता खरं काम कागदामागच्या पेटीचं. प्लायवूडची खोलगट पेटी, पाठीला ३ मिमीचा लोखंडी पत्रा, आणि पुढे जुन्या चादरी-गोधड्यांच्या चिंध्या दाबून ठासलेल्या. काही जण पत्रा ४५ अंशांत खाली कलता लावून छर्रे तळाच्या ट्रेमध्ये पाडतात. तेही चालतं, पण ‘टण्ण’ आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो, फ्लॅटमध्ये चिंध्याच बऱ्या. त्यांची मधोमध पोकळी होत जाते, त्यामुळे दर काही दिवसांनी हात घालून बघा. बाटल्या, फरशीचे तुकडे, चिंध्यांशिवायचा सरळ उभा पत्रा यांवर घरात मारू नका. छर्रा उलटून डोळ्याकडे येतो. चष्मा घालाच. पेटीमागे भिंत हवी, दार किंवा खिडकी नको, आणि मधल्या जागेत बाजूच्या खोलीतून कुणी शिरू शकत असेल तर ती जागा सरावाची नाही, मग लांबी कितीही मिळो. छर्रे शिशाचे असतात. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका.

कार्डाचं केंद्र जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवा आणि उजेड पुढून टाका. स्पर्धेत टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड लागतो, घरी एका एलईडी स्पॉटलाइटने काम होतं.

आणि साइट. १० मीटरला झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम मधोमध लागेल अशी साइट जुळवलेली रायफल ५ मीटरवर बरीच खाली मारते, कारण साइट नळीच्या वर असते. एवढ्याशा काळ्यात पहिला छर्रा लागणारच नाही, तेव्हा रायफल बिघडली असं समजू नका. मागची साइट वर घ्या (साइटचा स्क्रू एकेका ‘क्लिक’ने फिरतो आणि इथे एका क्लिकचा परिणामही निम्माच होतो), किती क्लिक लागले ते चिकटपट्टीवर लिहून रायफलच्या केसमध्ये लावा, आणि क्लबात जायच्या आधी तेवढेच परत फिरवा.