वाचक विचारतात: ‘सेक्टर गाझा’चा गाझाशी संबंध काय?

प्रश्न: काका, माझा मुलगा रशियात एमबीबीएस करतोय. सुट्टीला घरी आला की मोबाईलवर दिवसभर एकाच बँडची गाणी, नाव काय तर ‘सेक्टर गाझा’. आम्हाला वाटलं पॅलेस्टाईनवरचं काहीतरी गंभीर असणार, तर हा खो खो हसतोय. विचारलं तर म्हणतो अगं आई, हे कॉमेडी रॉक आहे. खरं काय ते सांगा, नाहीतर मी उगाच काळजी करत बसेन. (एक ताई, ठाणे)

उत्तर: ताई, पोरगं खरं बोलतंय. आता घोळ कुठे झाला ते सांगतो. आपण जिला गाझा पट्टी म्हणतो तिला रशियनमध्ये ‘सेक्टर गाझा’च म्हणतात, बातम्यांत रोज यायचं ते नाव. पण रशियनमध्ये ‘गाझ’ म्हणजे गॅस, आणि ‘गॅसचा’ म्हणायचं झालं की त्याचंही ‘गाझा’च होतं. म्हणजे एकाच नावात गाझा पट्टी पण आली आणि गॅसचा पट्टा पण आला. मॉस्कोच्या दक्षिणेला वोरोनेझ म्हणून शहर आहे, तिथे नदीच्या डाव्या काठाला सगळे कारखाने, सिंथेटिक रबराचा, टायरचा, विमानांचा सुद्धा (आवाजापेक्षा वेगात जाणारं तुपोलेव-144 तिथेच बनायचं). त्या भागात हवेला इतका वास की लोकांनीच चिडून त्याचं नाव ‘सेक्टर गाझा’ पाडलं होतं. 1987 च्या डिसेंबरात तिथल्याच एका पोराने बँड काढला आणि हे लोकांच्या तोंडातलं नाव उचललं. गावातल्या गावात चालणारा जोक होता हो, पुढे अख्ख्या देशाला तो समजावून सांगायला लागेल असं कोणाच्या डोक्यात असणार.

प्रश्न: तो पोरगा म्हणजे कोण? आणि रॉक म्हटलं की लांब केस, राग, क्रांती वगैरे, यांना विनोद कुठून सुचला? (एक कॉलेजवाला, नाशिक)

उत्तर: युरी क्लिन्स्कीख. स्टेजवरचं नाव ‘खोय’, कारण गाताना मध्येच ‘खोय!’ म्हणून ओरडायची सवय. जन्म 1964 चा, वोरोनेझचाच, घरचे विमान कारखान्यात कामाला आणि वडिलांना कवितेचा नाद, त्यामुळे यमक-छंद पोराच्या अंगात लहानपणीच मुरलेले, ते पुढे त्याने कशासाठी वापरले ते वडिलांना आवडलं असेल का हा भाग वेगळा. मग सैन्यात गेला, परत आला आणि नोकरी कुठे धरली माहितीये? ट्रॅफिक पोलिसात! रशियात ट्रॅफिक पोलिसांवर जितके जोक आहेत तितके आपल्याकडे नवरा-बायकोवर पण नसतील, आणि हा माणूस स्वतःच त्या युनिफॉर्ममध्ये. ती नोकरी सुटल्यावर कारखान्यात मिलिंग मशीनवर, मग हमाली, असं करत करत 1987 ला वोरोनेझमध्ये रॉक क्लब सुरू झाला तेव्हा तिथे एकटाच गिटार घेऊन गायला लागला. बाकीचे हळूहळू जमले, गिटारवर इगोर कुश्चेव आला, काही गाण्यांत तात्याना फातेयेवाचा आवाज.

आता विनोदाचं. तो काळ सोव्हिएत नेते गोर्बाचोव्हचा, सरकारी बंधनं ढिली पडलेली, लेनिनग्राड-मॉस्कोचे रॉकवाले एकदम कवी-तत्त्वज्ञ झालेले, प्रत्येक ओळीत काहीतरी खोल अर्थ. खोयकडे असं काही नव्हतं, त्याच्याकडे होती दारू, फाटके मोजे, घरगुती हातभट्टी, सासुरवाडी टाईप भांडणं आणि खेडं. सोव्हिएत काळातली सामुदायिक शेती म्हणजे कोल्होझ, आणि तिथल्या माणसाला ‘कोल्होझनिक’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे शहरातली पोरं ‘अरे गावठी’ म्हणतात ना, तसलीच शिवी. ह्याने ती शिवी स्वतःच्याच गळ्यात घातली आणि गाणं केलं ‘कोल्होझनी पंक’, म्हणजे गावठी पंक (पंक म्हणजे मुद्दाम ओबडधोबड, बंडखोर रॉक). त्यात एक खेडवळ गडी छाती फुगवून सांगतो की मी रानडुकरासारखा धडधाकट आहे, माझ्याकडे स्वतःचा बायान आहे (बायान म्हणजे बटणांचं अकॉर्डियन, आपली बाजाची पेटीच समजा गळ्यात अडकवलेली) आणि मी त्याच्यावर पंक रॉक हाणतो. लंडनची पंकवाली पोरं सेफ्टी पिना टोचून घेतायत आणि इकडे हा शेणात उभा राहून पेटी वाजवतोय, असलं ते चित्र. मला विचाराल तर सगळ्या बँडची चावी ह्या एका गाण्यात आहे, कारण हसू दुसऱ्यावर नाही, गाणाऱ्यावरच येतं.

1989 चे पहिले दोन अल्बम, ‘प्लुगी-वुगी’ आणि ‘कोल्होझनी पंक’. पहिल्याच्या नावात नांगर आणि बुगी-वुगी एकत्र केलंय, ‘प्लूग’ म्हणजे नांगर. रेकॉर्डिंग खरं सांगायचं तर भंगार, म्हणूनच ‘कोल्होझनी पंक’ 1991 ला परत नीट केला. 1990 चे दोन मात्र मला खूप आवडतात. एक ‘झ्लोवेश्ची मेर्तवेत्सी’, हे नाव ‘इव्हिल डेड’ ह्या हॉरर पिक्चरचं रशियन नाव आहे, तेव्हा गल्लोगल्ली व्हिडिओ सलून निघाली होती, एका खोलीत टीव्ही, व्हीसीआर आणि दाटीवाटीने खुर्च्या, आणि खोयला भुताखेतांचं भारी वेड. दुसरा ‘याद्र्योना वोश’, ही एक सौम्य गावरान शिवी आहे, आपल्या ‘आयला’च्या जवळपासची, शब्दशः मात्र त्यात ऊ असते. हो, डोक्यातली ऊ.

प्रश्न: यूट्यूब नाही, टीव्हीवर दाखवत नव्हते, मग एवढे फेमस झालेच कसे? (नाव नको म्हणून कळवलंय, सोलापूर)

उत्तर: कॅसेट! ज्यांनी नव्वदच्या आधी गाणी भरून घेतलीयत त्यांना लगेच कळेल. तिकडे रेल्वे स्टेशनजवळ, बाजारात छोटे स्टॉल असायचे, भिंतीला टाईप केलेली बँडची यादी, तुम्ही आपली कोरी कॅसेट द्यायची (सोव्हिएत कॅसेट म्हणजे एमके-60, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन बाजू), पैसे द्यायचे, दुसऱ्या दिवशी भरून तयार. त्यातून गाणाऱ्याला दमडी मिळायची नाही. मग त्या कॅसेटवरून मित्राने कॉपी केली, त्याच्यावरून चुलतभावाने, असं करत चौथ्या-पाचव्या कॉपीत गाण्यापेक्षा खरखर जास्त, पण शिव्या स्पष्ट ऐकू यायच्या आणि पोरांना तेवढं बास होतं. शिव्यांमुळेच रेडिओ-टीव्ही दारात उभं करत नव्हते, आणि शिव्यांमुळेच कॅसेट फिरत होती.

ह्यातून एक भन्नाट प्रकार झाला. आवाज सगळ्या देशाला माहीत पण चेहरा कोणालाच नाही, टीव्हीवर कधी दिसलेच नाहीत ना. मग काय, नव्वदच्या सुरुवातीला डुप्लिकेट ‘सेक्टर गाझा’ निघाले! कुठल्या कुठल्या शहरांत पोस्टर लावून, तिकिटं विकून, चक्क कॅसेट लावून नुसते ओठ हलवायचे आणि पुढच्या गावाला. खरा बँड बिचारा वोरोनेझमध्ये बसलाय आणि तिकडे त्यांच्या नावाने कार्यक्रम हाऊसफुल. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात ‘ज्युनियर अमुक’ असायचे, पण ते निदान ज्युनियर असं लिहायचे तरी.

प्रश्न: मी परत तीच ठाण्याची. मुलाला ऐकू देऊ का? शिव्या आहेत म्हणताय. (तीच ताई)

उत्तर: ताई, डॉक्टर होणारा मुलगा आहे, त्याला ऐकू द्या, तुम्ही रशियन शिकू नका म्हणजे झालं. गंमत सोडा, सगळी गाणी शिवराळ नाहीत, आणि बायकांवरचे काही विनोद मला स्वतःला आज ऐकवत नाहीत हेही सांगतो, तिथे मी गाणं पुढे ढकलतो. 1994 ला त्यांनी ‘कश्चेई बेस्स्मेर्तनी’ केलं, आजीच्या गोष्टीतला अमर राक्षस घेऊन पूर्ण पंक ऑपेरा, ते लावायला सांगा, भाषा कळली नाही तरी पात्रं कळतात. खोय 2000 च्या 4 जुलैला गेला, पस्तिशीचाच होता, म्हणजे जे काही आहे ते एवढंच.

प्रश्न: आमच्या वडिलांची जुनी जावा आहे, अजून चालू कंडिशनमध्ये. ग्रुपवर कोणीतरी टाकलं की ह्याच बँडचं जावावर गाणं आहे. खरंय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: खरंय! ‘यावा’ नाव, जावाचा रशियन उच्चार तसाच. तुमची म्हैसूरला बनलेली असणार, त्यांच्याकडे थेट चेकोस्लोव्हाकियाहून यायच्या आणि खेड्यापाड्यातल्या पोरांचं ते स्वप्न, कारण देशी गाड्यांपुढे ती म्हणजे राणी. गाण्यात त्याने ‘यावा’ला यमक जुळवलंय ‘खल्यावा’शी. खल्यावा म्हणजे फुकटात, आयतं. वडिलांना ऐकवा, फक्त किक मारायच्या आधी ऐकवा, नंतर त्या आवाजात काही ऐकू येणार नाही.