टाकीत पाळतात त्या ट्रोफियस माशाच्या नावापुढे 'मास्वा', 'इकोला' असं का लिहितात? वेगळी जात असते का?

जात नाही, गाव. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या काठावरच्या ज्या ठिकाणाहून मासे पकडले, त्याचं नाव.

सरोवर जवळपास ६७० किमी लांब. ट्रोफियस मात्र उथळ पाण्यातल्या खडकांवरचं शेवाळ खाऊन जगतो आणि मोकळी वाळू किंवा खोल पाणी सहसा ओलांडत नाही. मादी अंडी-पिल्लं तोंडातच सांभाळते, त्यामुळे पिल्लंही लांब वाहून जात नाहीत. म्हणून खडकाच्या एकेका पट्ट्यावर वेगळा रंग तयार झालाय. इकोलाचा पिवळा पट्टा प्रसिद्ध आहे, व्यापारात त्यालाच 'कैसर' म्हणतात. झांबियाचा इलांगी त्याहून निराळा.

दुबोईसी ही ट्रोफियसचीच एक जात (मास्वा तिचाच एक प्रकार), ती घेत असाल तर जास्त जपा. पिल्लं कुठलीही असोत, काळ्या अंगावर पांढरे ठिपके. मास्वाचा रुंद पिवळा पट्टा मोठेपणी दिसतो. म्हणजे खरेदीच्या वेळी लेबलशिवाय दुसरा पुरावाच नसतो! विकणाऱ्याला विचारा की आईबाप कुठले, स्वतः पैदास केली की आयात केले. 'एफ१' म्हणजे आईबाप थेट सरोवरातून पकडलेले. त्यानं ठिकाण आपोआप कळत नाही.

दोन ठिकाणचे ट्रोफियस एका टाकीत ठेवू नका, संकर होतो. आणि ठिकाण माहीत नसेल तर लेबलवर नुसतं 'ट्रोफियस दुबोईसी' लिहा. रंग बघून अंदाजानं गाव चिकटवणारे विक्रेते मला तरी अजिबात पटत नाहीत.