पोपटीच्या मडक्यात पाणी का घालत नाहीत?

प्रिय पिल्ला,

अलिबागहून आत्याने पाठवलेला पोपटीचा, म्हणजे मडक्यात पाला भरून जाळावर शिजवलेल्या वालाच्या शेंगांचा, व्हिडिओ पाहून तू विचारलंस, "बाबा, मडक्यात पाणी घातलंच नाही, वर ते उपडं ठेवलं. मग शेंगा शिजल्या कशा?"

पाणी असतं, पण ते शेंगांच्या पोटात आणि भांबुर्ड्याच्या पाल्यात. जाळाने त्याचीच वाफ होते. रायगडात भात कापला की त्याच शेतात वाल पेरतात. पाट नाही, पंप नाही. भाताने मागे ठेवलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर पीक निघतं. वालाच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र रोपाला देतात, त्यामुळे खताचीही फारशी गरज नसते. आभाळ भरून राहिलं तर मात्र मावा ही कीड पडते. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी शेंगा भरतात, तेवढाच पोपटीचा मोसम. भांबुर्डा तर कुणी पेरतच नाही, तो बांधावर आपला आपण उगवतो. उग्र वासाचं तण खरं, पण त्याच्याविना पोपटी म्हणजे नुसत्या वाफवलेल्या शेंगा!

एकट्यादुकट्याने पोपटी लावत नाहीत. दहा-बारा माणसांना तीन किलो शेंगा, आठ-दहा अंडी, तेवढेच लहान बटाटे, मूठभर जाडं मीठ आणि तीन चमचे ओवा लागतो. कोंबडी हवी तर हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण चोळून केळीच्या पानात बांधायची. शेंगा भरलेल्या पण कोवळ्या हव्यात. जून शेंग कितीही जाळ दिला तरी चरबट लागते.

मडकं आधी बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर त्याला तडा आहे आणि ते आगीत उलतं. तळाशी पाल्याचा चार बोटं थर, कडेनेही पाला. तळ मुद्दाम जाड करायचा, कारण उपडं घातल्यावर तोच वर येतो आणि जाळ त्यालाच जास्त लागतो. मग मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधोमध बटाटे, अंडी, कोंबडीची पुडी, वर पुन्हा शेंगा. अंडं मडक्याला टेकलं की तडकतं. शेवटी तोंडात पाला गच्च कोंबायचा, उपडं केल्यावर तसूभरही सरकता कामा नये. बहुतेक पोपट्या इथेच फसतात: पाल्याचं हे बूच सैल राहिलं की वाफ निसटते, शेंगा करपतात आणि आत राख शिरते.

भोवती काटक्या, गोवऱ्या, पेंढा रचून अर्धा-पाऊण तास जाळ. वारा असला तर एका अंगाच्या शेंगा कच्च्या राहतात, म्हणून त्या अंगाला जळण वाढवायचं. झाली का, हे बघायला तापल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. 'चर्र' होऊन लगेच उडाले की जाळ बाजूला.

आपल्या ओव्हनमध्ये घट्ट झाकणाच्या भांड्यात, केळीच्या पानांवर शेंगा वाफवता येतील, फक्त तो वास येणार नाही. पण त्या वासासाठी बागेतला भांबुर्ड्यासारखा दिसणारा पाला खुडून आणू नकोस. दिसायला सारखं पान विषारीही असू शकतं. त्यापेक्षा यंदा शेंगा कधी भरतील ते आत्याला विचार, तिकिटं त्या हिशेबाने काढू.

तुझा,
बाबा