सिंगापूरचं विमान पकडण्याआधी एक अर्ज द्या

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नुकतीच साठी झाली, खासगी कंपनीतून निवृत्त झाले, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 30 लाख हाती आले. घरखर्च पत्नीच्या शिक्षिकेच्या निवृत्तिवेतनात भागतो. येत्या 28 तारखेला दोघं अहमदाबादहून सिंगापूरला निघणार, 4 तारखेला परत. भाचा म्हणतो, आता यूपीआय सगळीकडे चालतं, फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) कशाला? तर काय करावं, हा प्रश्न. पत्राच्या शेवटी ते सहज लिहितात: "पुढच्या सहलींची सोय केली आहे. बँकेतल्या साहेबांनी हमी उत्पन्नाची योजना दिली. 2 लाख दहा वर्षं भरायचे, मग दहा वर्षं दर साल 3 लाख 60 हजार. वर्षाला 8 टक्के पडतात, एफडीसारखंच. पॉलिसी 3 तारखेला ई-मेलवर आली, कागद यायचे आहेत. बाकीचे 28 लाख बचत खात्यात आहेत."

यूपीआयचं उत्तर खाली देतो. आधी ही पॉलिसी.

ही एफडी नाही, आयुर्विमा पॉलिसी आहे. ती रद्द करून पैसे परत मागायला पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवस मिळतात; त्याला फ्री-लूक म्हणतात. ई-मेलवर आलेली पॉलिसी म्हणजे हाती आलेलीच, कागदांची वाट बघत बसू नका. 3 तारखेपासून मोजा: तुम्ही सिंगापुरात असताना ही मुदत संपते. म्हणून अर्ज याच आठवड्यात.

आता ते 8 टक्के कुठून आले बघा. 20 लाख भरले, 36 लाख मिळाले, फायदा 16 लाख, म्हणजे 80 टक्के. त्याला दहाने भागलं की 8! असा भागाकार चौथीतल्या मुलानं केला तर मास्तर कान धरतील. बँकेच्या काउंटरवर त्यावर पॉलिसी खपते. हप्ते वयाच्या 60 ते 69, परतावा 71 ते 80, म्हणजे तुमचा प्रत्येक रुपया सरासरी 11 वर्षं अडकतो. 11 वर्षांत 1 रुपयाचे 1 रुपया 80 पैसे म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के, बस. शिवाय पहिले 3 लाख 60 हजार हातात पडतील तेव्हा तुम्ही 71 वर्षांचे असाल. महागाई 6 टक्के धरली तर त्यांची किंमत आजच्या 1 लाख 90 हजारांएवढी. पाय धड आहेत ती दहा वर्षं तुम्ही हप्ते भरणार, आणि गुडघे कुरकुरायला लागले की सहलीचे पैसे येणार.

तुम्ही साठीचे आहात, तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजना खुली आहे. सध्या व्याज 8.2 टक्के, हे खरंखुरं, दर तिमाहीला खात्यात. 20 लाख टाकले तर तिमाहीला 41 हजार, वर्षाला 1 लाख 64 हजार. मुदत 5 वर्षं. व्याजावर कर आहे, तो धरूनच चाला. तरीही एक सहल यंदापासूनच निघते आणि मुद्दल शाबूत राहतं.

अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेच्या साहेबांकडे नाही. नोंदवलेल्या ई-मेलवरूनच कंपनीला लिहा आणि तीच प्रत कंपनीच्या वडोदरा शाखेत देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, "विकताना सांगितलेल्या अटी आणि पॉलिसीतल्या अटी जुळत नाहीत" एवढं कारण, रद्द केलेला चेक आणि ओळखपत्राची प्रत पुरे. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि गेलेल्या दिवसांच्या विम्याचा हिस्सा कापून बाकी रक्कम परत येते. हप्त्यासाठी खात्यावर दिलेला ऑटो-डेबिटचा मँडेटही (आपोआप पैसे कापायची परवानगी) बंद करा. साहेब फोन करून म्हणतील, "सर, एक वर्ष थांबा." थांबू नका. वर्षानंतर सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडली, तर भरलेले सगळे पैसे हाती लागणार नाहीत. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनला तुम्ही सगळ्याला "हो" म्हटलं असेल, तरी फ्री-लूकचा हक्क जात नाही. कंपनीनं टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, आणि तिथेही दाद लागली नाही तर अहमदाबादचे विमा लोकपाल.

आता सिंगापूर. विमान-हॉटेल सोडून तुमचा खर्च लाख-सव्वा लाख धरू. साध्या क्रेडिट कार्डवर 3.5 टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के, साधारण 5 हजार. फॉरेक्स कार्डानं किंवा मार्कअप नसलेल्या कार्डानं यातले तीनेक हजार वाचतील. वाद एवढ्याचाच आहे.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स इथे यूपीआय चालतं, पण ते स्वीकारणाऱ्या दुकानांतच. पॅरिसमध्ये सुरुवात आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून झाली. 2023 मध्ये यूपीआय आणि पेनाऊ (सिंगापूरची यूपीआयसारखी सेवा) जोडलं गेलं ते माणसानं माणसाला पैसे पाठवण्यासाठी. हॉकर सेंटरमधल्या (तिथल्या खाऊगल्लीतल्या) टपरीवरचा पेनाऊचा क्यूआर त्या जोरावर स्कॅन होईल असं समजू नका. मेट्रो आणि बसला यूपीआय नाही, तिथे व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड थेट चालतं. मात्र दोघांना एकच कार्ड चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं हवं. परदेशी कार्डाला वापरलेल्या दिवशी 60 सेंट जादा लागतात, ते सोसा.

यूपीआय जोडीला ठेवायचं असेल तर निघण्याआधी घरूनच ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल सुरू करा. ते खात्यागणिक आणि ठरावीक मुदतीसाठी होतं. आणि 28 लाखांचं खातं त्याला जोडू नका! वेगळं खातं, त्यात 40-50 हजार. मोबाइल हरवला तर तेवढंच पणाला. पिन टाकण्याआधी पडद्यावर रुपयांतली रक्कम दिसते, ती वाचा. भारतीय सिम मोबाइलमधून काढू नका, इंटरनेटसाठी ई-सिम घ्या. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसेल तर ओटीपी येणार नाही. सहलीच्या तोंडावर नवा मोबाइल घेणं टाळा. यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि त्यासाठी भारतीय सिमवरून एसएमएस जावा लागतो.

कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आणि टॅप, दोन्ही सुरू करा. दुकानातलं मशीन "रुपये की डॉलर" विचारेल, तेव्हा सिंगापूर डॉलर निवडा. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूचा दर आणि त्याचा वेगळा नफा तुमच्या माथी. हॉटेलची अनामत क्रेडिट कार्डावर द्या, फॉरेक्स कार्डावर दिलीत तर तेवढे डॉलर सोडवून येईपर्यंत अडकून पडतात. रोख 100-150 सिंगापूर डॉलर इथूनच न्या.